पियानोच्या पोटातला दिवा

कोलकात्याहून परत आल्यापासून कराडात मला भेटणारा प्रत्येक माणूस दोनच प्रश्न विचारतो. रसगुल्ले आणले का, आणि कालीमातेचं दर्शन झालं का. पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. मग गेला होतात कशाला, असा तिसरा प्रश्न येतो आणि त्यावर मी खरं ते सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मी भाचीबरोबर पियानोवर वाजवायचे तुकडे निवडायला गेलो होतो. तुम्ही? हो, मीच. सगळी नोकरी वीज खात्यात खांब, तारा आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यात गेली. संगीताशी संबंध म्हणाल तर गल्लीतल्या भजनी मंडळात टाळ वाजवतो, तोही मंडळी मला मागच्या रांगेत बसवून वाजवू देतात. आता प्रत्येकाला रस्त्यात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावं म्हणून बसलो आहे.

बालीगंज

माझी धाकटी बहीण नंदा नवऱ्याच्या बदलीमुळे कोलकात्याला गेली आणि तिथेच रमली. नवरा अविनाश केंद्र सरकारच्या कार्यालयात. भला माणूस, पण दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी. त्यांची एकुलती एक मुलगी सई. ती वाढली तिकडेच, त्यामुळे तिच्या मराठीला बंगालची हवा लागलेली आहे. ‘मामा, तू पाणी खाणार?’ असं विचारते. बंगाली माणूस पाणीही खातो आणि सिगारेटही खातो. तिच्या लहानपणी मी पोट धरून हसायचो. यंदा दोन दिवसांत मीच चहा खायला लागलो.

नंदाने मला बोलावून घेतलं त्याचं कारण सईच होती. शाळेच्या हॉलमध्ये एक पियानो होता, त्याला ही पोर दुसरी-तिसरीत असताना जी चिकटली ती आजतागायत सुटलेली नाही. पदवी झाली, आता तिला परदेशात जाऊन पियानोतच पुढचं शिक्षण घ्यायचं आहे. त्यासाठी आधी आपल्या वाजवण्याचं रेकॉर्डिंग पाठवायचं. ते पसंत पडलं तर ऑडिशनला बोलावणार, म्हणजे समोर बसवून ऐकणार. गेल्या वर्षी तिने पाठवलं होतं. जिथे जिथे पाठवलं तिथून तिथून पहिल्या फेरीतच नकार. यंदा दुसरी खेप, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे शेवटची. कारण काही महिन्यांत अविनाश निवृत्त होतोय, सरकारी घर सोडून हे लोक पुण्याला जाणार. यंदा जमलं नाही तर पुण्यात एखाद्या शाळेत नोकरी धरायची आणि हा विषय परत काढायचा नाही, असं सईने स्वतःच जाहीर केलं होतं. तेव्हापासून घरात ती कोणाशी धड बोलत नव्हती. नंदा फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाली, दादा, तू ये, तुझं ती ऐकते.

माझं ऐकते हे खरं, त्यालाही इतिहास आहे. लहानपणी ती मला फोनवर वाजवून दाखवायची आणि त्या तुकड्यांची जर्मन-फ्रेंच नावं काही माझ्या जिभेवर बसायची नाहीत. म्हणून मी आपली मराठी नावं ठेवायला लागलो. हळूहळू घरात तीच रूढ झाली. यंदा पाठवायच्या यादीत वेगवेगळ्या काळातले चार तुकडे हवे होते. पहिला ठरलेला होता, ‘वेणी’. त्यात तीन स्वतंत्र ओळी एकमेकींत गुंफल्या जातात, तीन पेडांची वेणी घालावी तशा. दुसरा ‘सभ्य गृहस्थ’, इस्त्रीचा शर्ट घालून मुद्देसूद बोलणारा. अगदी अलीकडच्या काळातला एक, त्याला मी ‘भांडी पडली’ म्हणतो. सई आधी चिडली होती या नावावर, नंतर तीही तेच म्हणायला लागली. या तिन्हींबद्दल वाद नव्हता. घोडं अडलं होतं चौथ्यावर.

चौथ्या जागेसाठी दोन उमेदवार होते. एक ‘वादळ’. त्यात बोटं दिसत नाहीत इतकी पळतात, एकच पट्टी भराभर ठोकायची जागा येते, शेवटी सगळा पियानो हादरतो. दुसरा ‘दिवेलागण’. हळू, थोडेसेच स्वर, एकातून दुसऱ्यात जाताना मध्ये बरीच शांतता. गेल्या वर्षी तिने वादळ पाठवलं होतं आणि यंदाही तेच पाठवायचं होतं. तिचं म्हणणं, सगळी मुलं असलंच अवघड पाठवतात. मी हळूबाईसारखं काहीतरी पाठवलं तर त्यांना वाटणार, हिला जोरात येत नाही.

बालीगंजच्या घरी पियानो नाही, विजेवर चालणारा त्याचा धाकटा भाऊ आहे. पहिल्याच सकाळी तिने मला त्याच्यावर दोन्ही तुकडे वाजवून दाखवले आणि विचारलं, कुठला? मी लुची आणि बटाट्याच्या रश्शावर आडवा हात मारत होतो. लुची म्हणजे मैद्याची पुरी, पण पांढरीशुभ्र आणि हलकी. मोजायला लागलं की खाणाऱ्यालाच लाज वाटावी. मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, वादळ. यात विचारायचं काय? दिवेलागणीला मला झोप आली होती. सईचा चेहरा खुलला, नंदाने कपाळाला हात लावला. नंतर स्वयंपाकघरात नेऊन तिने मला झापलं की गेल्या वर्षीचे नकार या वादळानेच आणले, तुला तिची समजूत घालायला बोलावलं होतं, आगीत तेल ओतायला नाही. मी म्हटलं, अगं, जे आवडलं ते आवडलं.

बराकपूर

सईच्या बाई बराकपूरला राहतात. खरा पियानोही त्यांच्याकडेच. रेकॉर्डिंग व्हायचं होतं तो आठवडा दोघं इथेच या, रोजची जा-ये नको, असा त्यांचा निरोप आला. नंदाने माझी पिशवी भरली. सियालदाला गाडी बदलून आम्ही उत्तरेला निघालो. डब्यात एक बाबा काकडी सोलून, उभी चिरून, काळं मीठ लावून हातात देत होता. त्यानंतर लिंबाचा चहा, त्यानंतर कंगवे, त्यानंतर पाठदुखीचं तेल. बराकपूर येईपर्यंत मी तेल सोडून सगळं घेतलं होतं.

बराकपूर ही जुनी लष्करी छावणी. मोठी झाडं, रुंद रस्ते, चुना लावलेल्या भिंती, आणि पहाटे कुठूनतरी बिगुल. बाईंचं नाव मिस बिश्वास. बंगाली ख्रिश्चन, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी केव्हाच ओलांडलेली. सई त्यांना आंटी म्हणते. मला शिकवणाऱ्या बाईला आंटी म्हणवेना, म्हणून मी बिश्वासबाई म्हणायला लागलो. त्यांना ते ऐकायला मजेशीर वाटलं असावं, कारण त्यांनी उलट मला मामाबाबू करून टाकलं. त्यांची बंगाली वळणाची हिंदी आणि माझी कराडची हिंदी, दोन्ही सारख्याच अशुद्ध, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

घर बैठं, नदीपासून हाकेच्या अंतरावर. पहिल्या संध्याकाळी बाईंनी आम्हाला घाटावर नेलं. आमच्याकडे कृष्णा-कोयनेचा संगम आहे, त्यामुळे नदीच्या बाबतीत मी कोणाला मोजत नाही. पण इथे एक चमत्कार पाहिला. गंगा उलटी वाहत होती. पानं, जलपर्णीचे झुपके, एक फुटकी टोपली, सगळं समुद्राकडून वर चाललेलं. बाई म्हणाल्या, भरती आहे, थोड्या वेळाने परत खाली वाहील. मी तिथे बसूनच राहिलो. इतकं वय झालं, नदी माघारी फिरते हे मला माहीत नव्हतं. सई म्हणाली, मामा, कृष्णेला सांगू नकोस हं. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

रात्रीच्या जेवणात बाईंनी मोहरीतला इलिश केला होता. आम्ही मटणवाले लोक, हाडाशी दोन हात करायची सवय, पण या माशात देवाने सुयांचा कारखानाच उघडलाय. दुसऱ्याच घासाला एक काटा घशात जाऊन बसला. बाईंनी शांतपणे कोऱ्या भाताचे गोळे वळून दिले आणि न चावता गिळायला लावले. काटा गेला. सईने त्याचा फोटो काढला होता, म्हणजे माझ्या डोळ्यांतून पाणी येतानाचा. तो आता आमच्या घरच्या सगळ्या फोनमध्ये आहे.

आता बाईंच्या कामाच्या पद्धतीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमच्या भजनी मंडळाचे बुवा शिकवताना कानाशी बसतात आणि चुकलं की मांडीवर चापट मारतात. बिश्वासबाई बारीकसारीक शिकवायचं असेल तेव्हा शेजारी बसायच्या, पण सई सलग सगळं वाजवायला बसली की या उठून स्वयंपाकघरात जायच्या. जमिनीवर बसायच्या, बोटी पुढ्यात घ्यायच्या, बोटी म्हणजे त्यांच्याकडची विळी, आणि भाजी चिरायला लागायच्या, बहुतेक वेळा परवर, म्हणजे तोंडल्यासारखी पण मोठी. मला हे अपमानास्पद वाटलं. पोरगी तिकडे जीव तोडून वाजवतेय आणि तुम्ही परवर चिरता? मी तसं विचारलंसुद्धा.

बाई म्हणाल्या, "मामाबाबू, तिकडे जे ऐकायला बसतात ते सकाळपासून ऐकत असतात. एक मुलगा गेला की दुसरी मुलगी. कोणी चहा पितं, कोणी लिहितं, कोणाचं पोट दुखत असतं. तेही भाजीच चिरत असतात. माझा हात थांबला, तर त्यांचा थांबेल."

मग हात कशाला थांबतो ते सईला सांगत का नाही, हा माझा पुढचा प्रश्न. त्यावर त्या म्हणाल्या, मी सांगितलं तर ती माझी निवड होईल. वाजवायचं तिला आहे, इतक्या लांब जाऊन एकटीने बसायचं तिला आहे.

मी रोज चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायचो आणि त्यांचा हात बघायचो. वेणीला तो सावकाश चालायचा. सभ्य गृहस्थाला मान हलायची. भांडी पडायला लागली की बाई कांदा घ्यायच्या. वादळ सुरू झालं की बाईंचा हातही भरभर सुटायचा, परवराचे तुकडे एकसारखे, खटाखट, वादळ संपायच्या आत भाजी तयार. आणि दिवेलागण आली की थांबायचा. अर्धवट चिरलेलं परवर तसंच पात्याला टेकलेलं, नजर समोरच्या भिंतीवर. एकदा नाही, रोज. तुकडा संपला की मग त्या दचकून पुढे चिरायला लागायच्या.

हे सईला सांगायला कोणी मला मनाई केली नव्हती. पण मी सांगितलं नाही. मला वादळ हवं होतं. मी मनात म्हणायचो, म्हाताऱ्या माणसाचा हात, थकला असेल म्हणून थांबत असेल.

दिवा

माझी झोपायची सोय पियानोच्याच खोलीत होती. पियानो उभा, उंच, काळा, बाईंच्या वडिलांनी घेतलेला. पहिल्याच दिवशी अंथरुणावर आडवा झालो आणि बघतो तर पियानोच्या तळाशी, पायाने दाबायच्या दांड्यांच्या फटीतून पिवळा उजेड येत होता. मागून एक जुनी कापडी वेष्टणाची वायर निघून भिंतीच्या बोर्डात गेलेली. वाकून पाहिलं. आत चक्क एक बल्ब. जुन्या पद्धतीचा, तारेचा, बंद लाकडी पेटीत दिवसरात्र जळणारा!

आता मला सांगा, वीज खात्यात हाडं झिजवलेल्या माणसाने काय करायचं? रिकाम्या खोलीत दिवा दिसला तरी माझ्या पोटात दुखतं. सुमन, म्हणजे आमची बायको, म्हणते की देवघरातली समईसुद्धा हा माणूस बटण शोधून बंद करेल. इथे तर सुकं लाकूड, जुनी वायर, आणि घरात एकटी म्हातारी बाई. कोणीतरी दुरुस्तीच्या वेळी दिवा लावला आणि काढायचा विसरला, असा मी निष्कर्ष काढला. बटण बंद केलं. पिन काढली. वायर नीट गुंडाळून मागे ठेवली आणि मोकळ्या झालेल्या जागी माझ्या फोनचा चार्जर लावला. एक दुर्घटना टाळल्याच्या समाधानात मला गाढ झोप लागली. बाईंना सांगितलं नाही, कारण केलेल्या कामाची टिमकी वाजवायची मला सवय नाही.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

रेकॉर्डिंगसाठी बेहालाहून तन्मयबाबू नावाचे गृहस्थ यायचे होते. दुर्गापूजेच्या दिवसांत ढाकवाल्यांचं, म्हणजे तिकडच्या ढोलवाल्यांचं, रेकॉर्डिंग करणारा माणूस. एकदा पूजेची कामं सुरू झाली की त्यांना वेळ नव्हता, आणि सईला पाठवायची मुदतही त्याच आठवड्यात संपत होती. दोन दिवस मिळाले होते. पहिल्या दिवशी वेणी, सभ्य गृहस्थ आणि भांडी ही तिन्ही झाली. कापाकापी चालत नाही, प्रत्येक तुकडा एका दमात हवा, तरी पोरीने निभावलं. एकदा मात्र वाजवता वाजवता तिने कपाळाला आठी घातलेली मला दिसली. नंतर म्हणाली, वरच्या पट्ट्या आज जड लागतायत. बाई म्हणाल्या, हवा दमट आहे.

रात्रभर पाऊस पडला. भाद्रपदातला बंगालचा पाऊस, भिंतींना घाम आलेला, उशीसुद्धा ओलसर. सकाळी सई वादळाला बसली. सुरुवात झाली, आणि एकच पट्टी भराभर ठोकायची ती जागा आली तिथे पट्टी खाली गेली ती वर येईचना. पुन्हा. पुन्हा तेच. उजवीकडच्या सहा-सात पट्ट्या दाबल्या की चिखलात पाय रुतावा तशा बसायच्या आणि सवडीने वर यायच्या. तन्मयबाबूंनी कानावरचा हेडफोन काढला.

बाई गुडघे टेकून खाली बसल्या, पियानोची खालची फळी काढली, आत पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या.  माझा चार्जर बोर्डात लटकत होता.

मग मला कळलं ते असं. नदीकाठची हवा इतकी ओली की पियानोचं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. म्हणून तिकडची जुनी माणसं पियानोच्या पोटात बल्ब लावून ठेवतात. उजेडासाठी नाही, उबेसाठी. नवे एलईडी चालत नाहीत, ते तापत नाहीत. तारेचा जुना बल्बच लागतो आणि तो आता मिळता मिळत नाही. बाईंच्या वडिलांच्या काळापासून तो दिवा पावसाळ्यात कधी विझला नव्हता. तो कोणी विझवावा, तर विजेतल्या माणसाने. मी सगळं कबूल केलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी दिवा परत लावला आणि म्हणाल्या, सुकायला दोन-तीन दिवस लागतील. सई पियानोकडे पाठ करून खिडकीशी उभी होती. तिथूनच बोलली.

"गेल्या वर्षी मी हरले ती माझ्यामुळे, मामा. या वर्षी तुझ्यामुळे."

  मग ती बाईंना म्हणाली की उद्या मी कोलकात्यात कुठेतरी दुसरा पियानो शोधीन, फोनवर रेकॉर्ड करीन, पण वादळच वाजवीन. बाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फक्त म्हणाल्या की कुठल्या पट्ट्या अडकतात ते मला बघू दे, तू काहीतरी सावकाश वाजवत राहा. आणि मला म्हणाल्या, मामाबाबू, आज भाजी तुम्ही चिरा. मी इथे खाली पडून बघणार आहे, आणि तन्मयबाबूही जेवायला आहेत.

शिक्षा म्हणून मी ती पत्करली. बोटीला आपल्या विळीसारखा पाट नसतो. पाय ठेवून ती दाबून धरायची, नाहीतर कलंडते. परवराची टोपली घेऊन बसलो. डोक्यात एकच चाललं होतं, नंदाला काय सांगू. पोरीची या खेपेला मी वाट लावली, हे मी बहिणीला कुठल्या तोंडाने सांगू? पुणे, शाळेची नोकरी, आणि दर दिवाळीला भेटल्यावर आमच्यात कधीच न निघणारा तो विषय. मी रागारागाने चिरत होतो.

आतून पियानो सुरू झाला. सावकाश वाजव म्हटल्यावर ती दुसरं काय वाजवणार, दिवेलागण. बालीगंजला मी ती लुची खात ऐकली होती. इथे रोज ऐकली ती बाईंचा हात बघत. ऐकली अशी कधीच नव्हती. सईलाही बहुधा आपण कोणासाठी वाजवतोय असं वाटत नव्हतं, पट्ट्या तपासायला म्हणून वाजवत होती. मला एकदम आमची आई आठवली. दिवा लावून झाल्यावर ती घटकाभर तशीच उभी राहायची, काही न मागता. आम्ही पोरं भूक लागली म्हणून ओरडायचो, तरी ती तेवढी घटका कोणाला द्यायची नाही. किती वर्षांनी आठवलं ते. डोळे भरून आले, मी पुसलेही नाहीत. मग लक्षात आलं की पुसायला हात मोकळा नव्हता. अर्धं चिरलेलं परवर धरून तो पात्याशी थांबला होता.

मी तसाच उठून खोलीत गेलो. बाई पियानोखाली टॉर्च घेऊन आडव्या होत्या, नुसते पाय दिसत होते.

"सई," मी म्हटलं, "बाईंचा हात रोज याच तुकड्याला थांबतो. मी बघत होतो. तुला सांगितलं नाही, कारण मला वादळ हवं होतं."

तिने पियानोखाली पाहिलं.  टॉर्चचा उजेड हलायचा थांबला.

"आणि तुझा?" तिने मला विचारलं.

मी हातातलं परवर दाखवलं. 

तिने दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली की वादळ वाजवताना ती आतल्या आत आकडे मोजत असते, कुठे चुकेन याची वाट बघत असते. दिवेलागणीत ती काहीच मोजत नाही, म्हणूनच तिला वाटायचं की हे काही मेहनतीचं नाही, हे पाठवायची लाज वाटते. पियानोखालून बाईंचा आवाज आला, अडकणाऱ्या पट्ट्या सगळ्या वरच्या आहेत. दिवेलागण तिकडे एकदाच जाते, शेवटच्या स्वराला. आणि शेवटचाच स्वर तो, तो परत वर यायची घाई कोणाला आहे?

तन्मयबाबूंनी हेडफोन चढवला. पहिल्यांदा कोपऱ्यावर भोंगा वाजला, दुसऱ्यांदा मी शिंकलो. तिसऱ्यांदा मी अंगणात जाऊन उभा राहिलो आणि खिडकीतून ऐकलं. शेवटचा स्वर वाजला आणि ती पट्टी सावकाश, आपल्या मर्जीने वर आली.

जेवताना सईने माझ्या ताटातला इलिश घेतला, एकेक काटा काढला आणि नुसतं माशाचं मांस परत माझ्या पानात ठेवलं. मी समजायचं ते समजलो. परवराची भाजी मात्र करपली होती, आणि सगळ्यांनी ती गुपचूप खाल्ली.

कराड

परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते माळ्यावर चढायचं. खात्यात असताना साठवलेले तारेचे बल्ब तिथे एका खोक्यात होते, आणि सुमन दर दिवाळीला ते भंगारात द्यायचा हट्ट धरायची. एकेक पेटवून पाहिला, चांगले निघाले ते कापसात आणि वर्तमानपत्रात गुंडाळले, आणि पार्सल बराकपूरला धाडलं. बाईंचा फोन आला. म्हणाल्या, आता मी असेपर्यंत पुरतील, आणि मी नसताना सई परत आली तर तिलाही पुरतील.

सईचं उत्तर यायला थंडी उजाडली. सगळीकडून नाही, पण दोन ठिकाणांहून बोलावणं आलं, समोर बसून वाजवायला. नंदा फोनवर नुसती रडत होती, अविनाशने त्या दिवशी म्हणे अकरा वाक्यं बोलून विक्रम केला. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. तिथे आणखी पन्नास जण असतील, वादळवाले असतील, बोटं न दिसणारे असतील. पण यंदा पोरगी जायला निघाली आहे आणि फोनवर पूर्वीसारखी माझी टिंगल करते आहे.

परवा तिचा फोन आला. म्हणाली, मामा, तिकडे पहिला तुकडा आपल्या मनाने वाजवायला सांगतात, मग पुढचे ते मागतील तसे. तर सुरुवात कशाने करू? मी म्हटलं, माझं मत विचारू नकोस, ते कुठे गेलं ते तू पाहिलंस. ती म्हणाली, तुझं कोण विचारतंय? मामी कुठे आहे?

सुमन स्वयंपाकघराच्या दारात गवार मोडत बसली होती. या सगळ्या प्रकरणाला ती पहिल्यापासून ‘तुमचं टिंगटिंग’ म्हणत आली आहे. मला सईने ताकीद दिली, तिला काही सांगू नकोस, नुसता फोन तिच्याजवळ ठेव. मी फोनचा आवाज मोठा करून तो गवारीच्या ताटाशेजारी ठेवला आणि पेपर उघडून बसलो. बालीगंजहून वेणी आली. कट, कट, गवार मोडली जात होती. सभ्य गृहस्थ आले, तरी कट, कट. सुमनने मला विचारलं, संध्याकाळी तुमच्यासाठी भाकरी करू का चपाती? मी म्हटलं, काहीही कर.

मग दिवेलागण सुरू झाली. मी पेपर खाली केला नाही, त्याच्या कडेवरून बघत राहिलो. तुकडा संपला. 

"मामा," सईने हळूच विचारलं, "मामी काय करतेय?"

सुमन समोरच्या भिंतीकडे बघत होती. मांडीवर गवारीची एक शेंग, तिची दोन्ही टोकं दोन हातांत.

"काही नाही," मी म्हटलं.